बुडत्या दिवसाला दावं

हे कुणाला खरं वाटणार नाही, ते मी आधीच सांगून टाकतो. नाही वाटलं तर नाही. माझ्या कबऱ्या बैलानं एकदा गुऱ्हाळात चरक ओढता ओढता झोप काढली आणि झोपेतच काहील भरली, हेही कुणाला खरं वाटलं नव्हतं. बैल मेला, त्यामुळं साक्ष द्यायला कुणी उरलं नाही. पण आजच्या गोष्टीला साक्षीदार आहेत, चांगले जितेजागते. तेव्हा ऐका. मी, केरबा गाडीवान, यानं कोल्हापूरच्या माळावर बुडता दिवस बैलाच्या दाव्यानं बांधून धरला होता. आणि एकदाच नव्हे, पुढं ईद उगवेपर्यंत रोज.

गेल्या ईदेला नजीराच्या सोप्यात ही गोष्ट सांगितली, तशीच इथं उतरवतो. नजीरा म्हणजे माझा तालमीतला जोडीदार मीरासाब पिंजारी, त्याची लेक. आता तिचीच पोरं सोप्यात धुडगूस घालतात. तिची आई रोशनबी आत शीरखुर्म्याचं पातेलं ढवळत होती. मी बाजेवर ऐसपैस. माझ्या पायाशी शेजारचा गुंडू. कचेरीत कारकून झाल्यापासून हा गडी माझ्या प्रत्येक वाक्याला टाचणी लावून बघतो. आणि खांबाला टेकून, घरून आणलेल्या चटईवर, घरून आणलेला पाण्याचा तांब्या शेजारी ठेवून, चिमणाक्का बसल्या होत्या. नाव चिमणाबाई, पण त्यांच्या जैन समाजात आणि आमच्या पेठेत सगळ्यांच्या त्या आक्काच. दर ईदेला येतात, दिवस बुडायच्या आत दोन खजूर तोंडात टाकतात आणि घरी जातात. अलीकडं कानानं जरा अधू झाल्यात. डोळे मिटून बसल्या होत्या, म्हणून मी जरा मोकळेपणानंच सुरुवात केली.

महाराज गादीवर येऊन पाच-सहा वर्षं झाली असतील तेव्हा. वरून दुष्काळ आणि गावात प्लेग. उंदीर पडायला लागले तसं सगळं कोल्हापूर उठून बाहेर माळावर गेलं. गवताच्या झोपड्यांच्या रांगाच रांगा. सावकार आणि हमाल शेजारी शेजारी. गावात मालक म्हणून राहिले ते उंदीर. एका उंदराला तर मी आमच्या तालमीच्या हौद्यात जोर काढताना बघितलंय.

"उंदराला?" गुंडूनं टाचणी लावली.

"मग? माणसं न्हाईत म्हणून तालीम बंद ठिवायची व्हय?"

मीरासाबचं कुटुंबही माळावर आलं. त्याची कापूस पिंजायची कमान पेठेत टँव-टँव वाजायला लागली, की बायका गाद्या उसवायला घ्यायच्या. पण प्लेगात कोण गादी भरतंय? ज्या घरात माणूस गेलं त्या घरातल्या वाकळा-गाद्या जाळून टाकत होते. कापूस दिसला की लोक लांबून जायचे. धंदा बसला, आणि मग एक दिवस मीरासाबच्या काखेत गाठ आली. एवढा दांडगा गडी, मला तीन वेळा चीत केलेला. खरं म्हणजे एकदाच, पण गेलेल्या माणसाला मी दोन कुस्त्या जास्त देतो. तो गेला. मागं राहिली रोशनबी, एवढीशी नजीरा, रांगता बादशहा आणि मीरासाबची म्हातारी आई लालबी. झोपडीच्या मेढीला कमान टांगून ठेवली होती. बादशहा खालून तिची तार ओढायचा, आणि ती वाजली की तिघी दचकायच्या.

मीरासाबचा धाकटा भाऊ गैबी आजऱ्याहून गाडी जुंपून आला. माणूस वाईट नव्हता. रडला, आईच्या गळ्यात पडला, मग डोळे पुसून म्हणाला,

"भाभी, माझ्या घरात आधीच धा तोंडं हायत. आईला आन बादशहाला मी नेतो. नजीराला निपाणीला फुफीकडं, आमच्या भनीकडं ठिवू. तू तुझ्या भावाकडं जा. सगळ्यांचं निभंल."

रोशनबीनं नजीराचा हात असा धरला, की पोर ओरडली. "न्हाय. आमी चौघं एका जागी ऱ्हानार."

"आन खानार काय?"

रोशनबीनं बादशहालाही उचलून कडेवर घेतलं. गैबीनं बराच वेळ डोकं खाजवलं. "बरं. ईदेला गाडी घिऊन येतो. चौघं पायावर धड उभी दिसली तर ऱ्हावा. पर एक जरी आडवं पडलेलं दिसलं, तर मग मी कुणाचं ऐकनार न्हाय."

तो गेल्यावर रोशनबी मला म्हणाली, "भावजी, माझी पोरं एका छपराखाली ऱ्हायला पायजेत. बाकी मला कायबी चालंल."

कायबी चालंल म्हणणं सोपं. चालवून घेणं तिच्या सासूच्या हातात होतं.

आमच्या रांगेच्या टोकाला जैनांच्या बस्तीतल्या मंडळींनी अन्नछत्र काढलं होतं. बस्ती म्हणजे त्यांचं देऊळ. मांडव घालून रोज एक पंगत उठायची, आणि तिथं कुणाला जात-धर्म विचारत नव्हते. मंडळींचे पुढारी आण्णा, धान्याचे व्यापारी. आता जयसिंगपूर वसलंय त्या बाजूचा माणूस. एक एक शब्द तागडीत घालून बोलायचा. पण मांडवातलं राज्य आण्णांचं नव्हतं, चिमणाक्कांचं होतं. पाणी दोनदा गाळायचं. कांदा, लसूण, जमिनीखालचं काही मांडवात यायचं नाही. मी माझ्या गाडीतून तिथं पाणी आणि सरपण आणून टाकायचो. एकदा कुठूनसा एक कांदा माझ्या गाडीत घरंगळत आला, तर आक्कांनी गाडी धुवायला लावली, बैल धुवायला लावले, मला धुवायला लावलं, आणि गाडीमागं रस्त्यावर पडलेली माझी सावलीही पाणी मारून घेतली.

गुंडूनं तोंड उघडलं. नजीरानं त्याच्या हातात शीरखुर्म्याची वाटी दिली, तेव्हा मिटलं.

तर आण्णा स्वतः लालबीच्या झोपडीशी आले. मी गाडी सोडत तिथंच उभा होतो.

"लालबी, पंगतीला या. पोरांस्नी घिऊन या."

"आण्णासाब, आमी मुसलमान."

"मला ठावं हाय की."

"आमी मटण खानारी मानसं."

"सध्या कुठं खाताय?"

लालबीनं तोंडाला पदर लावला. हसू लपवायला असणार. "तुमच्यात कांदा न्हाय, लसूण न्हाय, बटाटा न्हाय. मग शिजवता तरी काय? पानी?"

"व्हय. पर दोनदा गाळून."

मग मात्र म्हातारी सरळ बसली. "हे बघा आण्णासाब. आमच्या जमातीनं काय दिलं असतं तर घेतलं असतं. पर मशिदीला कुलूप हाय, समदी पांगल्यात. तुमचं खाल्लं तर उद्या म्हनाल आमच्या देवाच्या पाया पडा. परवा म्हनाल नाव बदला."

आण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "नाव कशाला बदलू? लालबी नावाचं आमच्यात कुनी न्हायच. हाक मारली की तुमीच येशीला, तेवढंच बरं." जाता जाता म्हणाले, "भूक लागली तर या. न्हाय लागली तर नका येऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळीच लालबी सुनेला घेऊन मांडवात हजर. पण पंगतीत बसायला नव्हे. "फुकट खानार न्हाय. काम सांगा."

आक्कांनी दोघींपुढं धान्याचं पोतं सोडलं. दुष्काळातले जोंधळे ते, निम्मे किड्यांनीच भरलेले. आणि आक्कांची रीत अशी, की किडा दिसला तर चिरडायचा नाही. हळूच पळसाच्या पानावर घ्यायचा, पान नेऊन कुडाच्या सावलीत ठेवायचं, वर चार दाणे टाकायचे. लालबीनं हे बघितलं आणि सूप खाली ठेवून मोठ्यांदा हसली.

"अगं आक्का, किड्यास्नीबी शिधा?"

"त्यास्नीबी पोट हाय की," आक्का म्हणाल्या आणि निवडत राहिल्या.

लालबीनं सूप परत उचललं आणि तसंच निवडायला लागली. मग एक पान भरलं तसं ती स्वतः उठली, सावलीला नेऊन ठेवलं, आणि तिथंच कुडाला धरून उभी राहिली. परत आली तेव्हा डोळे लाल. मी पाणी ओतत होतो. मला म्हणाली, "केरब्या, हितं किड्यालाबी कोन मरू देत न्हाय रे. माझा पोरगा..." मग सूप पुढं ओढलं.

त्या सांजेला चौघंही पंगतीला बसली. जोंधळ्याच्या कण्या आणि मुगाची आमटी. लालबीनं पहिला घास घेतला आणि तोंड असं केलं, जसं काय कुणी दिलेल्या उसन्या चपला घातल्यात. मग मला खुणेनं बोलावलं. "आक्काला म्हनावं, लई मिळमिळीत हाय." मी निघालो तसा पदर धरला. "आन म्हनावं, आनखी वाढ."

असं बरं चाललं होतं. पोरांच्या गालांवर मांस दिसायला लागलं. बादशहा उभा राहायला लागला. आक्का आणि लालबी दिवसभर सूप घेऊन समोरासमोर बसायच्या आणि एकमेकींच्या स्वैपाकाची नालस्ती करायच्या. आणि मग रमजानचा चाँद दिसला.

इथं जरा नीट ऐका, कारण इथंच सगळं अडलं.

लालबीनं आयुष्यात रोजा चुकवला नव्हता. आणि हा तर मीरासाब गेल्यानंतरचा पहिला रमजान. सासू-सुना दोघींनी त्याच्या नावानं सगळे रोजे धरायचे ठरवले. दिवस बुडेपर्यंत पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही. आणि मांडवात? आक्का विधवा झाल्या तेव्हापासूनचा त्यांचा नेम, की दिवस बुडाल्यावर स्वतः खायचं नाही आणि आपल्या हातनं कुणाला वाढायचंही नाही. शेवटची किरणं असेतो पंगत. दिवस बुडाला की पळी पालथी.

म्हणजे बघा. एकीला दिवस बुडायच्या आधी खाता येत नाही, आणि दुसरीला दिवस बुडाल्यावर वाढता येत नाही.

"मग बांधून द्यायचं," गुंडू म्हणाला. "घरी न्हेऊन खाल्लं असतं."

रोशनबीही तेच म्हणाली होती. पण आक्कांचं म्हणणं, बांधून दिलेलं कुणी अंधारात खाल्लं, तर दोष खाणाराला नाही, वाढणारीला. कोरडा शिधा न्यावा, तर झोपडीत चूल पेटवायला बंदी. गवताची एक अख्खी रांग जळाली होती त्याआधी. राहता राहिलो आम्ही. माझी बायको झुंबरबाई, मला गाडीच्या भाड्यात खेड्यातनं मिळायची त्या भाकरीतली अर्धी पहाटे दोघींना पाठवायची. पण त्या साली आमच्या वाट्याची भाकरीही इतकी पातळ, की तिच्यातनं पलीकडचा डोंगर दिसायचा. उन्हात धरली तर डोंगरावरची गुरंही मोजता यायची.

पोरं पंगतीत जेवायची, आणि त्यांच्या शेजारी या दोघी कोरड्या तोंडानं बसून राहायच्या. दिवस बुडाला की तांब्याभर पाणी, पहाटे अर्ध्या भाकरीचे दोन वाटे. रमजान निम्मा झाला. रोशनबीच्या दंडातला ताईत मनगटापर्यंत घसरायला लागला. आणि एका दुपारी निवडता निवडता लालबीच्या हातातलं सूप निसटलं आणि म्हातारी तिथंच कलंडली.

आक्का धावल्या. डोकं मांडीवर घेतलं. "सोड गं बाई रोजा. आजाऱ्याला माफ असतोय म्हनं तुमच्यात."

"असतोय की माफ," लालबी आडवी पडूनच म्हणाली. "पर मी कुठं आजारी हाय?"

रोशनबीचा चेहरा पांढराफटक. ईद जवळ आली होती. गैबीची गाडी आजऱ्याहून निघाली तर तिसऱ्या दिवशी दारात, आणि म्हातारी अशी आडवी. तिनं आक्कांचे पाय धरले. "आक्का, माणसं तीन गावाला जातील माझी. काय तरी करा."

आक्कांच्या डोळ्यांतनं पाणी गळत होतं, पण मान हलली ती नाहीच म्हणून. "रोशन, माझ्या हातनं हुनार न्हाय गं. मालक गेलं तवा घेतलेला नेम हाय."

मी आण्णांकडं गेलो. तागडी बराच वेळ वर-खाली झाली. "केरबा, नेम माझा असता तर मी मोडला असता. दुसरीचा नेम मी कसा मोडू?"

"मग दुसऱ्या कुनी वाढायचं."

"तिच्या चुलीवरचं, तिच्या मांडवात? वाढलं कुनीबी, तिला लागनारच."

त्या सांजेला आक्कांनी हट्टानं लालबीपुढं पत्रावळ मांडली. पळी भरून हातात धरली. दिवस डोंगराला टेकला होता. लालबी पश्चिमेकडं बघत बसली आणि आक्काही पश्चिमेकडंच बघत उभ्या. दिवस गेला गेला, एक कोर राहिली.

"बुडाला बघ. खा," आक्का म्हणाल्या.

"न्हाय. कोर दिसतिया."

"वाढू?"

"थांब, कोर जाऊ दे."

कोर गेली. आक्कांनी पळी पालथी केली, आमटी परत पातेल्यात. "आता न्हाय वाढता येत गं."

दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. दोघींपैकी एकीनं तरी एवढंसं खोटं बोलायचं होतं! पण दोघीही सरळ. मग काय करणार? अशा वेळी खोटं बोलायला गावात एक तरी माणूस लागतो... म्हणजे माझं म्हणणं, दिवस धरायला एक तरी माणूस लागतो.

"खोटं म्हनाला," गुंडू ओरडला. "आत्ता तोंडातनं निसटलं!"

"जीभ हाय, घसरती," मी म्हणालो आणि पुढं निघालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मांडवात जाऊन जाहीर केलं, की आज केरबा दिवस धरणार. टेकाडावर चढून दावं टाकणार आणि पंगत उठेपर्यंत त्याला खाली जाऊ देणार नाही. अट एकच. पंगतीनं पूर्वेकडं तोंड करून बसायचं, वाढणाऱ्यांनीही पूर्वेकडंच बघायचं. मागं वळून पश्चिमेकडं कुणी बघितलं, की दावं तुटलं.

लोक हसले. लालबी मात्र विचारात पडली. "केरब्या, माझा बाप सांगायचा, पूर्वेकडनं काळोख चढला की रोजा सुटला. मी पूर्वेकडं बघून बसती. मला चालतंय."

राहिल्या आक्का. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "तू दिवस धरनार?"

"धरनार."

"कशानं?"

"कबऱ्याच्या दाव्यानं."

"आन मला टेकाडावरनं सांगनार, धरलाय का सुटलाय."

"वरडून सांगतो की."

आक्का आण्णांकडं वळल्या. आण्णांनी चष्मा काढला. "मला बिनचष्म्याचं लांबचं दिसत न्हाय," म्हणाले, आणि पुसत बसले. त्या सांजेला जो चष्मा पुसायला घेतला, तो पंगत उठेपर्यंत पुसतच होते.

मी टेकाडावर गेलो. दावं गरगर फिरवलं आणि टाकलं. पहिला फास हुकला, एक घार अडकली, तिला सोडलं. दुसरा फास बरोबर दिवसाच्या शिंगात.

"दिवसाला शिंगं कुठली?" गुंडू म्हणाला.

"बुडताना असत्यात. तू कचेरीत असतोस त्या वेळंला, तुला कशी दिसनार?"

"आन दावं तेवढं लांब पोचलं?"

"दोन दावी जोडलीती."

"जळलं न्हाय?"

"ओलं करून घेतलंतं. मला काय खुळा समजलास?"

दिवसानं असा हिसका दिला, की मी टेकाडावरनं चार हात फरफटत गेलो. ही माझ्या तळव्यांवरची घट्टं बघा. लोक म्हणतात कासऱ्याची आहेत. पायात काटे शिरले, पण सोडला नाही. अर्धा डोंगराखाली, अर्धा वर, असा आवळून धरला. खाली पूर्वेला माळावर काळोख चढत होता. लालबीनं तोंडात पाण्याचा घोट घेतला, अल्लाचं नाव घेतलं.

"केरबाऽऽ!" आक्कांनी पूर्वेकडं बघतच हाक घातली. "हाय का?"

"हाय! धरलाय! वाढाऽऽ!"

आणि पळी भरली. पत्रावळीवर पडली. पूर्वेला रात्र, पश्चिमेला दिवस आणि मधी लालबीची पत्रावळ. असं दृश्य कुठल्या राजाच्या दरबारात दिसलं नसेल. म्हातारी कण्या अशा खात होती, की बघणाराच्या पोटात गेल्यागत वाटावं. रोशनबीनं पहिला घास हातात घेऊन आधी पोरांकडं बघितलं, तेव्हा आक्कांनी तिच्या पाठीवरनं हात फिरवला.

"केरबाऽऽ! अजून हाय?"

"हाय की! ओढतोय लई, जरा लवकर आवराऽऽ!"

"लालबी, लवकर खा गं, त्या गड्याचं हात तुटत्याल!"

"मग लवकर वाढ की! आन मीठ घाल जरा, उद्या तरी!"

पंगत उठली, भांडी झाकली, आक्कांनी पळी पालथी घातली आणि हाक दिली, "सोड आता." मी दावं ढिलं केलं. दिवस असा धाडकन खाली गेला, की कोकणातल्या कोंबड्या झोपेतनं उठल्या. हे मला मागाहून मिठाच्या गाडीवाल्यानं सांगितलं.

त्या दिवसापासून रोज. मी टेकाडावर, पंगत पूर्वेकडं तोंड करून, आण्णा चष्मा पुसत. दिवसालाही सवय झाली. शेवटी शेवटी तर तो आपण होऊन मान पुढं करायचा.

ईदेला गैबी आला. गाडीत गवत अंथरून आला होता, माणसं न्यायच्या तयारीनं. झोपडीच्या दारात लालबी ताठ उभी, एका हातात पोराची कमान धरून. तिच्या मागं रोशनबी, नजीरा, आणि बादशहा स्वतःच्या पायांवर. गैबीनं एकेकाला निरखून बघितलं. मग आईनंच त्याला निरखलं.

"तूच वाळलास की रे! आजऱ्यात काय खायला मिळत न्हाय व्हय? चल पंगतीला."

त्याला मांडवात नेऊन बसवलं. आक्कांनी वाढलं. गैबीनं घास घेतला आणि हळूच म्हणाला, "अम्मा, हे मिळमिळीत हाय."

"गप खा," लालबी म्हणाली. "घरचं हाय."

गाडी रिकामी गेली. पुढं प्लेग ओसरला, लोक गावात परतले. मीरासाबची कमान रोशनबीनं स्वतःच्या खांद्यावर घेतली. बाई माणूस कापूस पिंजणार म्हणून पेठेनं चार दिवस तोंडं वाकडी केली. आण्णांनी घरच्या लग्नाच्या सगळ्या गाद्या तिच्याकडं टाकल्या आणि पेठेची तोंडं सरळ झाली. आण्णा आता नाहीत. लालबीही गेली. जाताना सुनेला सांगून गेली, की दर ईदेला आक्काला बोलवायचं, आणि तिला दिवस असेतो घरी सोडायचं. म्हणून आज या खांबाशी आक्का बसल्यात.

"आन म्हनून सांगतो," मी नजीराच्या सोप्यात हात पसरून म्हणालो, "अजूनबी रमजान आला की कोल्हापुरात दिवस जरा रेंगाळतोय. दाव्याची याद येती त्याला."

रोशनबी आतून बशीत खजूर घेऊन आली आणि आक्कांपुढं वाकली. "आक्का, घ्या. दिवस खाली आलाय."

गुंडू मात्र अजून टाचणी शोधत होता. "पर केरबाकाका, एवढ्या पंगतीत, एवढ्या दिवसांत, मागं वळून एकानंबी बघितलं न्हाय?"

"एकानंबी न्हाय," मी छातीवर हात ठेवला. "बघितलं असतं तर दावं तुटलं नसतं?"

"खोटं."

आवाज खांबाकडनं आला. आक्कांचे डोळे उघडे होते. बशीतला एक खजूर त्यांनी उचलला, पण तोंडात घातला नाही. रोशनबीचा हात धरून तिच्याकडं बघत त्या म्हणाल्या,

"पहिल्याच सांजेला मी मागं वळून बघितलंतं, केरबा. दिवस कवाच बुडालता. चांदनी निघालती वर. तू रिकामं दावं हातात घिऊन टेकाडावर वरडत हुतास. मला सगळं दिसत हुतं, आन मग मी पळी भरली."